त्र्याहत्तर मिनिटांचा अल्बम, चार मिनिटांची ओळख: एम८३च्या एका स्वप्नील पॉप अल्बमच्या स्वागताचे प्रकरण

प्रकरणाची व्याप्ती

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील आँतीब या गावातून पुढे आलेल्या एम८३ या इलेक्ट्रॉनिक पॉप प्रकल्पाने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘हरी अप, वी आर ड्रीमिंग’ हा दोन भागांचा अल्बम प्रसिद्ध केला. समीक्षकांनी तो एका पद्धतीने ऐकला आणि श्रोत्यांच्या फार मोठ्या वर्गाने दुसऱ्याच पद्धतीने. या दोन ऐकण्यांमधील अंतराने कलावंताच्या पुढच्या दशकभराच्या निर्णयांना वळण दिले. हे अंतर कसे पडले, ते कोणत्या निर्णयांमुळे वाढले आणि २०१६ च्या ‘जंक’ या अल्बमच्या वेळी त्याची परिणती काय झाली, हे येथे क्रमाने मांडले आहे. अल्बम, कलावंत आणि प्रकाशने सार्वजनिक नोंदीतली असल्याने त्यांची नावे दिली आहेत. समीक्षक आणि श्रोते यांचा उल्लेख मात्र मुद्दाम नावाविना, गट म्हणूनच केला आहे, कारण प्रश्न कोण काय म्हणाले याचा नसून ऐकण्याच्या पद्धतीचा आहे.

पार्श्वभूमी

एका सर्पिल दीर्घिकेच्या क्रमांकावरून नाव घेतलेला हा प्रकल्प अँथनी गोन्झालेस आणि निकोला फ्रोमाझो या दोघांनी सुरू केला. २००३ च्या ‘डेड सिटीज, रेड सीज अँड लॉस्ट घोस्ट्स’ या दुसऱ्या अल्बमने त्यांना फ्रान्सबाहेर श्रोते मिळवून दिले. त्या अल्बममध्ये सिंथेसायझरचे आणि गिटारचे थर एकमेकांवर इतके दाट रचलेले होते, की मानवी आवाज कुठे आलाच तर तो त्या धुक्याचाच भाग वाटत असे. त्यानंतर फ्रोमाझो बाहेर पडले आणि एम८३ म्हणजे व्यवहारात गोन्झालेस, असे समीकरण झाले. २००८ च्या ‘सॅटर्डेज इक्वल्स यूथ’ मध्ये १९८०च्या दशकातील किशोरवयाविषयीची ओढ उघडपणे आली, मॉर्गन किबी यांचा आवाज आला, आणि गाणी ओळखता येतील अशा आकाराची झाली.

पुढच्या अल्बमच्या आधी दोन गोष्टी घडल्या. डेपेश मोड आणि द किलर्स यांसारख्या मोठ्या मंडळींच्या दौऱ्यांत सुरुवातीचा कार्यक्रम करण्याची संधी एम८३ला मिळाली, आणि हजारोंच्या सभागृहात गायकाने आवाज लपवून चालत नाही हे गोन्झालेस यांना जवळून दिसले. दुसरी गोष्ट म्हणजे ते फ्रान्स सोडून लॉस अँजेलिसला राहायला गेले. नव्या शहरातला एकटेपणा आणि मागे राहिलेल्या बालपणाची आठवण ही या अल्बमची सामग्री झाली. निर्मितीसाठी जस्टिन मेल्डल-जॉन्सन हे बेकसारख्या कलावंतांबरोबर बेस वाजवणारे वादक सोबत आले. मुलाखतींत गोन्झालेस यांनी आदर्श म्हणून स्मॅशिंग पम्पकिन्स या अमेरिकी रॉक बँडच्या १९९५ मधील दुहेरी अल्बमचे नाव घेतले, आणि आपल्या अल्बमचे दोन भाग म्हणजे भाऊ आणि बहीण असून एका भागातील प्रत्येक गाण्याचे भावंड दुसऱ्या भागात आहे, असे सांगितले.

अडचण

अडचण समजण्यासाठी २०११ हे वर्ष ध्यानात घ्यावे लागते. अल्बममधले एकेक गाणे सुटे विकत घेण्याची सवय तोवर रुळली होती आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात स्पॉटिफाय अमेरिकेत सुरू झाले. ज्या काळात ऐकण्याचे एकक अल्बमवरून गाण्यावर सरकत होते, नेमक्या त्याच काळात एक कलावंत बावीस तुकड्यांची, एका बैठकीत ऐकण्याची, मधल्या लहान लहान वाद्यतुकड्यांनी जोडलेली रचना घेऊन येत होता.

स्वप्नील पॉपच्या (ड्रीम पॉप), म्हणजे धूसर, थरांच्या आवाजावर उभ्या असलेल्या पॉपच्या बाबतीत हा पेच अधिक टोकदार होतो. या प्रकारात एखादे गाणे ऐकणाऱ्याला जिंकते ते बहुधा सुरेल चालीमुळे. पण प्रकाराचे खरे काम चालते ते वातावरणावर, म्हणजे आवाजाच्या त्या सलग पसरलेल्या अवकाशावर, ज्यात शिरायला आणि मुरायला वेळ लागतो. चाल तुकड्यात पोचते. वातावरण तुकड्यात पोचत नाही. त्यामुळे अशा अल्बमच्या कर्त्यापुढे प्रश्न असा उभा राहतो की लोकांना दारापर्यंत आणण्यासाठी जे गाणे पुढे करायचे, तेच दारात अडसर होऊन बसणार नाही ना.

पहिला निर्णय: दोन भाग

लांबीच्या बाबतीत तीन वाटा मोकळ्या होत्या. उत्तम बारा-तेरा गाणी निवडून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम करता आला असता. दोन भाग काही महिन्यांच्या अंतराने वेगवेगळे काढता आले असते. किंवा सगळे एकत्र, दोन तबकड्यांत देता आले असते. निवडली गेली ती तिसरी वाट.

येथे एक तपशील पाहण्याजोगा आहे. बावीस तुकड्यांची एकूण लांबी सुमारे ७३ मिनिटे भरते, आणि साध्या सीडीवर ७४ मिनिटे सहज मावतात. म्हणजे दोन तबकड्या जागेच्या गरजेपोटी आलेल्या नाहीत. अकरा अधिक अकरा अशी मांडणी ही रचनेची घोषणा होती: पहिला भाग संपल्यावर थांबा, श्वास घ्या, मग दुसऱ्याला सामोरे जा. ही भव्यता हाच अल्बमचा विषय होता, असे माझे मत आहे; लहान मूल आपल्या स्वप्नाची लांबी मोजत नाही, आणि बालपणावरचा अल्बम काटकसरीने बांधला असता तर त्यातली उधळण नाहीशी झाली असती. तरीही या निर्णयाची किंमत होती, आणि ती पहिल्या भागातील गाण्यांच्या क्रमाने आणखी वाढवली.

दुसरा निर्णय: पुढे करायचे गाणे

अल्बमच्या तीन महिने आधी, जुलै २०११ मध्ये, ‘मिडनाइट सिटी’ हे गाणे श्रोत्यांना मोफत उतरवून घेण्यासाठी दिले गेले. गाण्याची सुरुवात ज्या किंचाळीसारख्या चार-पाच स्वरांच्या ओळीने होते, ती पुष्कळांना सिंथेसायझरची वाटते. प्रत्यक्षात तो गोन्झालेस यांचाच आवाज आहे, यंत्रातून ओळखू न येण्याइतका बदलून घेतलेला. शेवटच्या मिनिटात सॅक्सोफोन येतो, जो फिट्झ अँड द टॅन्ट्रम्स या बँडमधील जेम्स किंग यांनी वाजवला आहे. १९८०च्या दशकानंतर पॉप गाण्यातील सॅक्सोफोन हा थट्टेचा विषय झाला होता आणि त्या वाद्याला पुन्हा गंभीरपणे शिखरावर बसवणे हे धाडसच होते.

अल्बममधून निवडण्यासारखे दुसरे काही होते का? होते. झोला जीझस यांच्या आवाजासह उभी राहणारी ‘इंट्रो’ ही पाच मिनिटांहून लांब प्रस्तावना अल्बमचा विस्तार आणि गांभीर्य अधिक प्रामाणिकपणे सांगते. ‘वेट’ हे संथ, जवळजवळ कुजबुजीत सुरू होणारे गाणे जुन्या श्रोत्यांना जवळचे वाटले असते. पण दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला आत बोलावण्यासाठी ‘मिडनाइट सिटी’ इतके योग्य गाणे त्या बावीस तुकड्यांत नव्हते, हे मान्य करावेच लागते. निर्णय चूक होता असे कोणी म्हणणार नाही. मात्र तो निर्णय एकटा पुरेसा नव्हता. त्याच्या जोडीला अल्बमचा उरलेला अवकाश दाखवणारे काहीतरी तितक्याच जोराने पुढे यायला हवे होते.

तसे झाले नाही. चित्रफितींसाठी एक सुंदर त्रयी आखली गेली: अलौकिक शक्ती असलेली मुले, त्यांचे संस्थेतून पलायन आणि त्यानंतरचा संघर्ष. कथा सलग होती, दिग्दर्शक जोडी एकच होती, कल्पना अल्बमच्या बालपणाच्या सूत्राला धरून होती. पण या त्रयीतली तिन्ही गाणी, ‘मिडनाइट सिटी’, ‘रीयुनियन’ आणि ‘वेट’, पहिल्या तबकडीच्या पहिल्या पाच तुकड्यांतली होती: अनुक्रमे दुसरे, तिसरे आणि पाचवे. ज्याने तिन्ही चित्रफिती पाहिल्या त्याला अल्बमची ओळख झाल्यासारखे वाटले, आणि प्रत्यक्षात तो पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांच्या पलीकडे गेलेला नव्हता.

समीक्षकांचा प्रतिसाद

एकंदरीत समीक्षा अनुकूल होती आणि काही ठिकाणी उत्साहाने भरलेली होती. पिचफोर्क या अमेरिकी संगीत नियतकालिकाने अल्बमला १० पैकी ९.१ गुण दिले, वर्षअखेरीच्या गाण्यांच्या यादीत ‘मिडनाइट सिटी’ला पहिले आणि अल्बमच्या यादीत या अल्बमला तिसरे स्थान दिले. २०१३ च्या ग्रॅमी पुरस्कारांत पर्यायी संगीताच्या अल्बमसाठी त्याला नामांकन मिळाले. तो पुरस्कार गोत्ये यांच्या अल्बमला गेला.

स्तुती करणाऱ्यांचे म्हणणे असे होते की इतकी महत्त्वाकांक्षा बाळगून इतक्या मोकळ्या भावनेने गाणारा अल्बम क्वचित येतो. गोन्झालेस यांनी पूर्वी थरांखाली लपवलेला आपला आवाज आता पुढे आणला आहे. आणि जुन्या दशकाविषयीची ओढ इथे नकलेच्या पातळीवर न राहता भावनेच्या पातळीवर पोचली आहे. आक्षेप घेणाऱ्यांचा रोख मुख्यतः लांबीवर होता. दुसरी तबकडी पहिलीचीच पुनरावृत्ती करते, मधले मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे भरणा म्हणून आले आहेत, प्रत्येक गाणे शिखराकडेच धावत असल्याने शिखराचे अप्रूप राहत नाही, अशा आशयाची टीका अनेकांनी केली.

या दोन मतांमध्ये सर्वाधिक ताणले गेले ते ‘राकोंत-म्वा उन इस्त्वार’ हे गाणे. यात एक लहान मुलगी एका जादूच्या बेडकाची गोष्ट सांगते आणि तिच्यामागे आनंदी, फिरत्या सुरांची संगत चालते. ती मुलगी म्हणजे निर्माते मेल्डल-जॉन्सन यांची कन्या. काहींना हा अल्बमचा गाभा वाटला, काहींना त्यात लाडिकपणाचा अतिरेक दिसला. माझ्या दृष्टीने हे गाणे समीक्षकाच्या ऐकण्याची कसोटी आहे: ‘वेट’च्या उदास शेवटानंतर लगेच ते येते, आणि त्या क्रमाने ऐकले तर मुलीचा आवाज सुटकेसारखा कानी पडतो, सुटे काढून ऐकले तर तो बालवाडीतला वाटतो. समीक्षकांत मतभेद होते, पण बहुतेकांनी अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, क्रमाने ऐकला होता आणि त्यांचा वाद त्या क्रमाविषयी, लांबीविषयी, जोडणीविषयी होता. वाद घालण्यासाठी दोन्ही बाजूंनी आधी एकच वस्तू ऐकलेली असावी लागते, आणि ती त्यांनी ऐकली होती.

श्रोत्यांचा प्रतिसाद

श्रोत्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड अल्बम यादीत हा अल्बम पंधराव्या क्रमांकापर्यंत गेला, जे एम८३सारख्या प्रकल्पासाठी मोठेच यश होते. पण त्या यशाखाली किमान तीन वेगवेगळे श्रोतृवर्ग होते आणि त्यांच्या हाती एकच अल्बम असूनही ते वेगवेगळ्या गोष्टी ऐकत होते.

पहिला वर्ग २००३ पासूनच्या जुन्या श्रोत्यांचा. यांना दाट थर, कमी शब्द आणि धूसर आवाज प्रिय होता. त्यांच्यापैकी अनेकांनी अल्बम पूर्ण ऐकला, त्यातल्या वाद्यतुकड्यांवर प्रेम केले, आणि गाणारा, हात उंचावणारा, स्टेडियमकडे पाहणारा गोन्झालेस मात्र थोडा परका मानला. दुसरा वर्ग ‘मिडनाइट सिटी’मुळे आला. हा वर्ग सर्वांत मोठा, सर्वांत उत्साही आणि सर्वांत कमी धीराचा होता. त्याला आणखी दहा ‘मिडनाइट सिटी’ हव्या होत्या, आणि अल्बममध्ये त्या जातीची गाणी जेमतेम चार-पाच आहेत. या वर्गातल्या श्रोत्याला उरलेली गाणी वाईट वाटली असे नाही. ती त्याच्या कानापर्यंत गेलीच नाहीत.

तिसरा वर्ग मात्र विलक्षण आहे, आणि या प्रकरणात तो सहसा दुर्लक्षिला जातो. हे लोक एम८३चे नावही न जाणता त्यांचे संगीत ऐकत होते. अल्बमचा बाविसावा आणि शेवटचा तुकडा ‘आउट्रो’ २०१२ मध्ये ‘क्लाउड अॅटलस’ या चित्रपटाच्या लांब झलकीत वापरला गेला आणि त्यानंतर भव्यतेचा क्षण दाखवायचा असेल तिथे तो ऐकू येऊ लागला. ‘वेट’ २०१४ च्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ या चित्रपटात आले. गंमत अशी की दुसऱ्या तबकडीचा जो शेवट ‘मिडनाइट सिटी’च्या श्रोत्यांपैकी अनेकांनी कधी गाठला नाही, तोच शेवट चित्रपटगृहात बसलेल्या लक्षावधी लोकांनी ऐकला, पण त्याच्या आधीची एकवीस पावले न चालता. ‘आउट्रो’ची ताकद अल्बममध्ये थकव्यानंतरच्या प्रकाशासारखी येते, झलकीत ती तयार स्वरूपात, दोन मिनिटांत हाती पडते. दोन्ही ठिकाणी स्वर तेच आहेत आणि अनुभव वेगळा आहे.

तिसरा निर्णय: परवाने

‘मिडनाइट सिटी’ जाहिरातींत गेले, ‘मेड इन चेल्सी’ या ब्रिटिश मालिकेचे शीर्षकसंगीत झाले, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या बीबीसी प्रक्षेपणात वापरले गेले. पैसे घेऊन गाणे दुसऱ्याच्या कार्यक्रमात वापरू देण्याच्या अशा प्रत्येक परवान्यामागे अर्थकारण होते आणि ते समजण्यासारखे आहे. बँड, सिंथेसायझरचा डोंगर आणि प्रकाशयोजना घेऊन जगभर फिरायचे तर अल्बमच्या विक्रीवर भागत नाही, हे त्या काळातील प्रत्येक मध्यम आकाराच्या कलावंताला कळून चुकले होते.

येथे पर्याय ‘परवाने द्यावेत की देऊ नयेत’ इतका ठोकळेबाज नव्हता. प्रश्न प्रमाणाचा आणि वाटपाचा होता. बावीस तुकड्यांपैकी वापरण्याजोगे निदान आठ-दहा होते; तरी मागणी एकाच गाण्याला होती आणि पुरवठाही त्याचाच होत राहिला. एकच गाणे दुकानात, खेळाच्या प्रक्षेपणात, मालिकेत आणि जाहिरातीत कानावर पडू लागले, की ते गाण्याच्या कर्त्यापेक्षा मोठे होते आणि मग अल्बम त्या गाण्याचे वेष्टन ठरतो. गाणे अमेरिकेच्या मुख्य एकेरी गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसांत कधीच पोचले नाही, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. यादीत न दिसणारी ही सर्वव्यापकता परवान्यांनीच घडवली होती.

चौथा निर्णय: पुढे काय

यशानंतर २०१३ मध्ये गोन्झालेस यांनी जोसेफ ट्रॅपनीज यांच्यासह ‘ऑब्लिव्हियन’ या विज्ञानपटाला संगीत दिले. पुढचा स्वतःचा अल्बम एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे जवळपास साडेचार वर्षांनी आला. मधल्या काळात मॉर्गन किबी यांनी बँड सोडला होता, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या वादकासाठी सर्वांना खुली निवडचाचणी जाहीर करण्यात आली होती.

साडेचार वर्षांनी परत येताना तीन मार्ग दिसत होते. पहिला, ‘मिडनाइट सिटी’च्या वर्गाला हवे ते द्यायचे: तसाच आकार, तसाच सॅक्सोफोन, तसाच शहरी रात्रीचा प्रकाश. दुसरा, २००३ च्या धुक्याकडे परतायचे आणि जुन्या श्रोत्यांशी समेट करायचा. तिसरा, दोन्ही नाकारून तिसऱ्याच दिशेला जायचे. गोन्झालेस यांनी तिसरा निवडला, तोही अर्धवट नव्हे. ‘जंक’ हे नाव, मुखपृष्ठावर केसाळ बाहुल्यांसारखी पात्रे, १९७०-८०च्या दशकातील दूरदर्शन मालिकांच्या शीर्षकगीतांची छाया, स्टीव्ह वाय यांची गिटार, बेक आणि सुसान सुंडफोर यांचे आवाज, माय लान यांची फ्रेंच-इंग्रजी गाणी, आणि पहिले पुढे केलेले गाणे म्हणून पियानोच्या ठोक्यांवर उड्या मारणारे ‘डू इट, ट्राय इट’.

त्या सुमारास गोन्झालेस यांनी अल्बमच्या नावाविषयी जे सांगितले ते या प्रकरणाचा कळीचा पुरावा आहे. लोक अल्बम एकदा ऐकतात, त्यातली एक-दोन गाणी उचलून आपल्या यादीत टाकतात आणि पुढे जातात. इतकी मेहनत घेऊन केलेल्या कामाला क्षणभराचे लक्ष मिळते, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता. हे विधान ‘जंक’ विषयी असले तरी त्यामागचा अनुभव २०११ चा आहे, हे ओळखायला फार तर्क लागत नाही. त्र्याहत्तर मिनिटांच्या बदल्यात चार मिनिटांची ओळख मिळाल्यावर कलावंताने आपल्या पुढच्या कामालाच ‘टाकाऊ’ असे नाव दिले, आणि श्रोत्यांनी ज्या वेगाने ते टाकावे असे त्याला वाटत होते, त्याची थट्टा आधीच करून ठेवली.

परिणाम

‘जंक’चे स्वागत विभागलेले झाले. काही समीक्षकांना विनोद आणि मोकळेपणा भावला. अनेकांना ती गाणी नकलेच्या आणि प्रेमाच्या मधे अडकलेली वाटली. श्रोत्यांमध्ये नाराजी अधिक स्पष्ट होती. ‘मिडनाइट सिटी’च्या वर्गाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले आणि जुन्या वर्गाला धुके मिळाले नाही. खरे तर ‘जंक’ मध्ये ‘सॉलिट्यूड’, ‘विझर्ड’, ‘अटलांतिक स्यूद’ अशी गंभीर, हळवी, एम८३च्या जुन्या स्वभावाला धरून असलेली गाणी आहेत. पण मुखपृष्ठ आणि पहिले गाणे या दोन गोष्टींनी ऐकणाऱ्याचा कान आधीच थट्टेच्या सुरात लावून दिलेला असल्याने, ती गाणी येईपर्यंत त्याने मत बनवलेले होते. २०११ मध्ये पुढे केलेल्या गाण्याने अल्बमविषयी फार मोठे वचन दिले होते. २०१६ मध्ये त्याने फार चुकीचे वचन दिले.

यानंतर गोन्झालेस काही वर्षे मागे सरले. २०१८ मध्ये भाऊ यान गोन्झालेस यांच्या चित्रपटाला संगीत, २०१९ मध्ये जुन्या व्हिडिओ गेमच्या संगीतापासून प्रेरणा घेतलेला, मुख्यतः वाद्यांचा अल्बम. या कामांत पुढे करण्याजोगे गाणेच नव्हते आणि ते सहेतुक होते असे मी मानतो. २०२३ चा ‘फँटसी’ मात्र पुन्हा गाण्यांचा, लांब आणि दाट अल्बम होता. त्याच्या बाबतीत मांडणीचा वेगळा प्रयोग झाला: पहिली सहा गाणी ‘पहिला अध्याय’ म्हणून महिनाभर आधी एकत्र दिली गेली. २०११ मध्ये जे एकेका गाण्याने केले, ते २०२३ मध्ये सहा गाण्यांच्या सलग तुकड्याने करण्यात आले. अल्बमला ‘मिडनाइट सिटी’ने दिला तसा मोठा उठाव मिळाला नाही, पण त्याचे स्वागत एका गाण्यापुरते आक्रसलेही नाही.

आणि ‘जंक’? त्या अल्बममधील ‘सॉलिट्यूड’ची फेल्समान आणि टायली या जोडीने केलेली पुनर्रचना काही वर्षांनी लघुचित्रफितींवर विलक्षण पसरली. ज्या अल्बमवर थट्टेखोरपणाचा शिक्का बसला होता, त्यातले सर्वांत उदास गाणे, मूळ अल्बमपासून सुटून, दुसऱ्याच्या हातून संथ आणि भव्य होऊन, नव्या पिढीपर्यंत गेले. गोन्झालेस यांनी २०१६ मध्ये ज्या ऐकण्याची खंत केली होती, त्याच ऐकण्याने त्या अल्बमला दुसरे आयुष्य दिले.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट चित्रफितींच्या त्रयीची. ती पहिल्या पाच तुकड्यांत अडकवण्याऐवजी एक गाणे दुसऱ्या तबकडीतून घेतले असते, तर कथेच्या निमित्ताने श्रोता पुढे सरकला असता. ‘माय टिअर्स आर बिकमिंग अ सी’ ही दुसऱ्या तबकडीची सुरुवात दृश्यासाठी अनुकूल आहे. लांबी कमी, उठाव मोठा. भावंडगाण्यांची कल्पना तर चित्रफितींसाठी आयतीच होती. प्रत्येक चित्रफितीत दोन्ही तबकड्यांतली एकेक जोडी घेता आली असती. ही कल्पना मुलाखतींपुरतीच राहिली, आणि अल्बम हाती घेणाऱ्याला कोणत्या गाण्याचे भावंड कोणते हे कळायला मार्ग नव्हता.

दुसरी गोष्ट अल्बम छोटा करण्याची, जी आक्षेप घेणाऱ्या समीक्षकांनी सुचवली होती. मला ती पटत नाही. पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम केला असता तरी ‘मिडनाइट सिटी’चा वर्ग तितकाच पुढे गेला असता, आणि पूर्ण ऐकणाऱ्यांना जे मिळाले ते मात्र हरवले असते. तक्रार लांबीची होती, पण दोष लांबीत नव्हता. लांबीत शिरण्याची वाट दाखवणारे काही दिले गेले नाही यात होता. दोन्ही तबकड्या काही महिन्यांच्या अंतराने काढण्याचा पर्याय मात्र आज मागे वळून पाहता अधिक सबळ वाटतो. पहिलीने ‘मिडनाइट सिटी’चे ओझे उचलले असते आणि दुसरी स्वतंत्रपणे ऐकली गेली असती. ‘फँटसी’च्या वेळी जे झाले ते याच विचाराचे लहान रूप आहे.

तिसरी गोष्ट परवान्यांची. एका गाण्याला इतकी मागणी असताना नकार देणे कठीण असते, आणि बाहेर बसून तो सल्ला देणे सोपे. तरीही मागणी करणाऱ्याला ‘हे नाही, पण हे घ्या’ असे म्हणण्याची ताकद २०१२ मध्ये एम८३च्या हाती होती, आणि ‘आउट्रो’ने सिद्ध केले की अल्बममधले दुसरे तुकडेही दृश्याबरोबर चालतात.

उरते ती ‘जंक’ची मांडणी. अल्बम तोच ठेवूनही ‘सॉलिट्यूड’ आधी दिले असते आणि ‘डू इट, ट्राय इट’ नंतर, तर विनोद हा दुःखावरचा उतारा म्हणून ऐकला गेला असता. उलट क्रमाने तो दुःखाची टिंगल म्हणून ऐकला गेला. ‘हरी अप, वी आर ड्रीमिंग’ मध्ये ‘वेट’नंतर बेडकाची गोष्ट ठेवताना गोन्झालेस यांना हा क्रम अचूक कळला होता. अल्बमच्या आत ते जे करू शकले, ते अल्बमच्या बाहेर, गाणी जगापुढे मांडण्याच्या क्रमात, २०१६ मध्ये झाले नाही.